घड्याळाच्या दिशेने, पण कुठून पाहिल्यावर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एका पंपाच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर तुमच्याकडे आलंय. मूळ पुस्तिका जर्मन, तुमच्या हातात तिचं इंग्रजी. चित्राशेजारच्या चिमुकल्या चौकटीत ‘घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने’ काही केल्या मावत नाही. संपादक म्हणतात ‘वामावर्त’ लिहा, छोटा आणि शुद्ध शब्द आहे. कारखान्यात काम करणारा मित्र म्हणतो नुसतं ‘उलट’ लिहा, सगळ्यांना कळतं. आणि इतर भाषा हे कसं निभावतात, तेही तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी यंत्रांच्या पुस्तिका इंग्रजी-जर्मनमधून मराठीत आणण्याचं काम करतो. त्याआधी काही वर्षं मोटर-पंपांच्या देखभालीत हात काळे केलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घाईत असाल तर माझं मत एवढंच: मजकुरात ‘घड्याळाच्या दिशेने’ आणि ‘घड्याळाच्या उलट’ लिहा, चौकटीत बाण काढा, आणि कुठून पाहिल्यावर ते प्रत्येक ठिकाणी सांगा. वामावर्त नको, नुसतं ‘उलट’ तर मुळीच नको.

खरी अडचण शब्दाच्या लांबीची नाहीच. मान वर करून छताचा पंखा बघा. आपल्याकडचे बहुतेक छतपंखे खालून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट फिरतात. वरच्या मजल्यावरच्या माणसाला स्लॅबमधून आरपार दिसत असतं, तर तोच पंखा त्याला घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसला असता. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. म्हणजे फिरण्याची दिशा सांगणारं वाक्य दोन तुकड्यांचं असतं: कशी फिरते, आणि बघणारा कुठे उभा आहे. घड्याळाच्या बाबतीत दुसरा तुकडा सांगावा लागत नाही, कारण घड्याळाला मागून कुणी बघत नाही. मोटरला, पंपाला, ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंनी बघतात. भाषांतरात पहिल्या तुकड्यावर आपण तासभर वाद घालतो आणि दुसरा तुकडा जागा वाचवायला उडवतो. नुकसान तिथे होतं.

मोटरचंच घ्या. आपल्याकडे चालणाऱ्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांच्या) पद्धतीत मोटरची दिशा शाफ्टच्या टोकासमोर उभं राहून ठरवतात, म्हणजे जिथे कपलिंग किंवा पुली बसते त्या बाजूने. यू-व्ही-डब्ल्यू टर्मिनलांना फेज क्रमाने जोडल्या की तिथून पाहताना मोटर घड्याळाच्या दिशेने फिरली पाहिजे. अमेरिकेतली नेमा (तिथल्या विद्युत उत्पादकांच्या संघटनेची) पद्धत उलट्या बाजूने बघते, शाफ्टच्या विरुद्ध टोकाकडून. सिंगल फेज मोटरीची त्यांची नेहमीची दिशा तिथून पाहताना घड्याळाच्या उलट अशी नोंदवलेली असते. आता डोळ्यांसमोर आणा: मागून पाहताना उलट, म्हणजे पुढून पाहताना घड्याळाच्या दिशेने. दोन पुस्तिकांत परस्परविरुद्ध शब्द आणि प्रत्यक्षात शाफ्ट एकाच दिशेला फिरतोय! कुठून बघायचं हे भाषांतरात गाळलं, तर वाचणारा बिचारा बरोबर जोडलेल्या वायरी सोडवून बसतो.

आणि ही चूक लगेच लक्षात येत नाही, हा त्यातला खरा त्रास. विहिरीवरच्या सेंट्रिफ्यूगल पंपाची मोटर उलटी फिरली तरी पाणी येतं. डिलिव्हरीतूनच येतं, फक्त कमी येतं आणि दाब पडतो. गावात डीपीचं काम झालं, वायरमनने जोडताना दोन फेज अदलाबदल केल्या, की पूर्ण आळीतल्या मोटरी उलट्या. शेतकरी फुटव्हॉल्व्ह बघतो, पाइपातली हवा काढतो, विहिरीचं पाणी खाली गेलं म्हणून हळहळतो, आणि दोष असतो दिशेत. उपाय सोपा आहे, मेन स्विच बंद करून कुठल्याही दोन फेजच्या वायरी आपापसांत बदलायच्या. पण दिशा चुकली आहे हे आधी ओळखता आलं पाहिजे, आणि ते ओळखायला त्याच्या हातात तुमची पुस्तिका आहे.

इथे एक गोष्ट अगदी जवळून बघण्यासारखी आहे. मोनोब्लॉक पंपात मोटर आणि पंप एकाच अंगात. शाफ्टचं पुढचं टोक पंपाच्या पोटात शिरलेलं, ते कुणाला दिसत नाही. फिरताना डोळ्यांना दिसतो तो फक्त मागचा, जाळीच्या टोपीआडचा थंड करणारा पंखा. स्टार्टर क्षणभर दाबून सोडायचा आणि पंखा मंदावत असताना त्याची पाती कुठे जातात ते बघायचं, एवढीच चाचणी शेतावर शक्य असते. पुस्तिका म्हणते ‘शाफ्टच्या टोकाकडून पाहता घड्याळाच्या दिशेने’, आणि माणूस उभा आहे नेमका विरुद्ध टोकाला. त्याला सगळं बरोबर असताना उलट दिसणार. अशा ठिकाणी मी कंपनीच्या अभियंत्याला लिहून विचारतो की ‘मागच्या पंख्याकडून पाहता घड्याळाच्या उलट’ असं टाकू का. बहुतेक वेळा हो म्हणतात. स्वतःच्या अधिकारात मी ते बदलत नाही, कारण चित्रातला बाण त्यांनी कुठल्या बाजूने काढलाय हे त्यांनाच ठाऊक. तुम्हीही विचाराच.

प्रत्येक धंद्याने आपापली उभं राहायची जागा ठरवून टाकलेली असते, आणि ती त्या धंद्यात कुणी बोलूनही दाखवत नाही. जहाजाचा ‘उजवा’ पंखा म्हणजे जहाज पुढे जात असताना पाठीमागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारा. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्टही (मागच्या अवजारांना ताकद पुरवणारा दांडा) ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पुढे पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरतो. हेलिकॉप्टरचा रोटर वरून बघायचा. चक्रीवादळही वरून: उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या उलट फिरतं. बातमी करणाऱ्याला तिथे अडचण येत नाही, कारण उपग्रहाचं चित्रही वरूनच घेतलेलं असतं.

आता शब्दांकडे येतो. वेगवेगळ्या भाषांत या दिशेसाठी लोकांनी आधार घेतला तो मुख्यतः तीन गोष्टींचा: स्वतःचा हात, सूर्य, आणि बऱ्याच उशिरा घड्याळ.

हातावरून बनलेले शब्द सगळ्यांत आटोपशीर. संस्कृतातून हिंदीने घेतलेले दक्षिणावर्त-वामावर्त, तमिळमधले वलंचुळि-इडंचुळि (उजवा भोवरा, डावा भोवरा म्हणा), जपानीतलं मिगिमावारी-हिदारिमावारी, जर्मनमधलं रेश्ट्सलाउफ-लिंक्सलाउफ. तुमची चौकट इतकी लहान का, याचं उत्तरही इथेच आहे. मूळ जर्मनमध्ये तिथे ‘लिंक्सलाउफ’ हा एकच शब्द बसला होता. इंग्रजीवाल्यांनी तीन अक्षरांचं संक्षिप्त रूप टाकून वेळ मारून नेली. मराठीला ती सोय नाही.

हाताच्या शब्दांत एक खोट आहे. चाक ‘उजवीकडे’ फिरतं म्हणजे त्याचा माथा उजवीकडे जातो. त्याच वेळी बूड डावीकडे जात असतं. माथ्याकडे बघायचं हा अलिखित नियम ज्याला माहीत आहे त्याला अडचण नाही. पण झाकणाखालून हात घालून जो फक्त चाकाचा खालचा भाग चाचपतोय, त्याला ‘उजवीकडे फिरवा’ म्हटलं तर तो काय करेल याची खात्री देता येत नाही. गाडीखाली पाठीवर झोपून ऑइलचा ड्रेन नट सोडवणाऱ्या नव्या पोराची हीच गत होते. तो मनातल्या मनात गाडी वरून बघतो आणि नट आणखी आवळतो.

प्रदक्षिणेत मात्र हाताचा आधार चोख बसतो. तिथे बघणारा आणि फिरणारा एकच असतो: देव उजव्या हाताला ठेवायचा आणि चालायचं. माथा-बूड, पुढून-मागून असा प्रश्नच येत नाही. धावण्याच्या शर्यतीतही तसंच, डावा हात आतल्या बाजूला, म्हणजे धावपटू घड्याळाच्या उलट पळतात. महादेवाच्या देवळात तर एकाच फेरीत दोन्ही दिशा येतात. सोमसूत्री प्रदक्षिणेत पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही आणि आल्या वाटेने परतायचं. मग याच परंपरेतले शब्द यंत्राला का लावायचे नाहीत? कन्नड आणि मलयाळममध्ये लावतात, प्रदक्षिण-अप्रदक्षिण अशी जोडी आहे. तेलुगूत सव्य म्हणजे घड्याळाच्या दिशेने आणि अपसव्य म्हणजे उलट.

मराठीतही जुन्या शास्त्रीय लेखनाच्या वळणाने सव्य-अपसव्य सुचवणारे भेटतात, आणि माझा त्याला विरोध आहे. संस्कृतात सव्य म्हणजे मुळात डावा. डाव्या हातानेही बाण सोडतो म्हणून अर्जुन सव्यसाची. जानवं डाव्या खांद्यावर असतं तेव्हा ते सव्य, श्राद्धाच्या वेळी उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. आणि दिशा सांगताना तोच सव्य उजवीकडच्या वळणाला लावतात. ज्या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या नेमके विरुद्ध आहेत, तो शब्द विजेच्या मोटरवर चिकटवायला माझा हात धजत नाही. शिवाय अपसव्य म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्यांना पितरांचं काम आठवतं, आणि तरुणांना काहीच आठवत नाही.

दक्षिणावर्त-वामावर्त या जोडीत असा घोळ नाही, पण मराठी फिटरला ती परकी आहे. त्याने दक्षिणावर्त ऐकलेला असतो तो शंखाच्या बाबतीत, आणि तिथे तर वेगळीच गंमत. पूजेतला दुर्मिळ, महागडा दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्रात ‘डावा’ गणला जातो. शास्त्रज्ञ शंखाचं टोकदार शिखर वर धरतात आणि तोंड कुठल्या बाजूला आलं ते बघतात. पूजेच्या परंपरेत शंख उलटा धरून बघतात, शिखर खाली. तोंड डावीकडचं उजवीकडे येतं आणि नाव बदलतं. शंख तोच, त्याचा पीळही तोच.

शंखावरून एक फरक लक्षात घ्या, तुम्हाला पुढच्या प्रकरणांत लागेल. फिरण्याची दिशा बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, पिळाचा उजवेडावेपणा नसतो. उजव्या आट्याचा बोल्ट पुढून बघा, मागून बघा, उलटा धरा, तो उजव्या आट्याचाच राहतो. नट कुठल्याही टोकाकडून चढवा, त्या टोकासमोर उभं राहून घड्याळाच्या दिशेने फिरवला की आत जातो. म्हणून ‘डावा आटा’ किंवा कारखान्यात म्हणतात तसा ‘उलटा आटा’ हे शब्द स्वतःच पूर्ण आहेत, त्यांना ‘कुठून पाहता’ जोडायची गरज नाही. ते बेधडक वापरा.

सुताच्या धंद्यात मात्र उजवा पीळ-डावा पीळ चाललं नाही. कशाला उजवा म्हणायचं यावरच धंद्याधंद्यांत मतभेद होते. शेवटी त्यांनी दोन रोमन अक्षरं घेतली, एस आणि झेड. सूत उभं धरलं की धाग्यांचा तिरपेपणा ज्या अक्षराच्या मधल्या रेघेशी जुळेल, तो पीळ. या निवडीतली हुशारी अशी की ही दोन्ही अक्षरं डोकं खाली पाय वर केली तरी जशीच्या तशी दिसतात. सुताचा कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, कुठल्याही बाजूने धरा, एस तो एसच. आता इचलकरंजीतला किंवा सोलापुरातला माणूसही एस ट्विस्ट-झेड ट्विस्ट असंच म्हणतो, भाषांतराच्या भानगडीत पडत नाही. तुम्हाला कधी वस्त्रोद्योगाची पुस्तिका आली तर ती अक्षरं तशीच ठेवा.

सूर्यावरून आलेले शब्द आता यंत्रांच्या कामाचे राहिले नाहीत, पण गोष्ट रंजक आहे. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत सूर्याच्या चालीने जाणाऱ्या फेरीला ‘जेशल’च्या जवळपास उच्चारला जाणारा शब्द आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ उजवा आणि दक्षिण असा दोन्ही. आपल्या दक्षिणसारखाच, आणि तो आपल्या दक्षिणचा दूरचा भाऊबंदही आहे. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला येतो, हे गंगेकाठीही खरं आणि तिकडेही. उलट्या फेरीला स्कॉटिश बोलीत ‘विडरशिन्स’ म्हणत, आणि ती अशुभ मानत. रशियनमध्ये ‘पोसोलोन’ म्हणजे सूर्यामागोमाग. १७व्या शतकाच्या मध्यात निकोन या धर्मप्रमुखाने चर्चच्या मिरवणुका सूर्याच्या विरुद्ध दिशेने न्यायचं ठरवलं. जुन्या रीतीला धरून राहिलेल्यांना ते मान्य नव्हतं. त्या मोठ्या धर्मफुटीतल्या वादाच्या मुद्द्यांत हाही एक होता. तिबेटातही बौद्ध लोक स्तूपाला उजवी घालून फिरतात, तर बोन पंथाचे लोक उलट्या दिशेने.

घड्याळ या सगळ्यात नवखं. इंग्रजीतला घड्याळावरून केलेला शब्द रूढ झाला तो १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. घड्याळाचे काटे असेच का फिरतात, याचं मूळ पुन्हा सूर्यातच आहे. उत्तर गोलार्धात जमिनीवर आडव्या ठेवलेल्या सूर्यघडीवर सावली सकाळी पश्चिमेला असते, दुपारी उत्तरेकडे येते आणि संध्याकाळी पूर्वेला जाते. पहिली घड्याळं बनवणारे युरोपातले, त्यांच्या डोळ्यांसमोर हीच चाल. दक्षिण गोलार्धात ही सावली उलटी फिरते. बोलिव्हियाने २०१४ साली ला पाझमधल्या संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ उलटं फिरवलं ते हेच कारण पुढे करून. तसं युरोपातही सगळं एकसारखं नव्हतं. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये पाओलो उचेल्लोने १४४३ साली रंगवलेल्या तबकडीवरचा काटा आजही उलटा फिरतो, आणि प्रागच्या जुन्या ज्यू नगरभवनावर हिब्रू आकड्यांचं घड्याळ आहे, तेही उलटं. इतकं लांब कशाला, मध्य भारतातल्या गोंड समाजात उलटे काटे फिरणारं ‘गोंडवाना’ घड्याळ वापरणारे लोक आहेत. पृथ्वी याच दिशेने फिरते, आमचे लग्नाचे फेरे आणि नाचही याच दिशेने चालतात, असं ते सांगतात. विदर्भातल्या गोंड वाचकांसाठी काही लिहायची वेळ आली, तर कुठलं घड्याळ हा प्रश्न तिथे चेष्टेचा नाही.

घड्याळाच्या शब्दांत भाषांनी आपापली चव आणली आहे. अरबीत घड्याळाच्या काट्याला विंचू म्हणतात, त्यामुळे ‘अक़ारिब अस्साआ’च्या दिशेने म्हणजे शब्दशः घड्याळाच्या विंचवांच्या दिशेने. चिनी शब्द वेळेच्या सुईला धरून आहे, रशियन शब्द तासाच्या बाणाला. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज यांनी काटे वगळून टाकले: ‘ओरारियो’ म्हणजे तासांचा, आणि उलट्यासाठी त्याच्या आधी एक उपसर्ग. सुटसुटीत. फ्रेंचमध्ये काट्यांचा लांबलचक शब्दप्रयोग आहे, छोटा ‘ओरेर’ही आहे, आणि गणितातून आलेला एक सापळा आहे. फ्रेंच गणिती जिला ‘थेट’ किंवा ‘त्रिकोणमितीची’ दिशा म्हणतात ती घड्याळाच्या उलट असते, कारण धन कोन तसाच मोजतात. ‘थेट’चं कुणी ‘सरळ’, ‘सुलट’ केलं की वाक्य फिरलं.

सुलटवरून तुमच्या मित्राकडे येतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, कारखान्यात आणि शेतावर उलट-सुलट हेच शब्द चालतात. पण त्यांचा अर्थ काय? ‘मोटर उलटी फिरतेय’ म्हणजे फिरायला पाहिजे त्याच्या विरुद्ध फिरतेय. घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही. ज्या पंपाची बरोबर दिशाच घड्याळाच्या उलट आहे, तो तसा फिरताना फिटरच्या लेखी सुलटाच असतो. आता त्या पंपावर तुम्ही नुसतं ‘उलट’ असं लेबल लावलंत, तर वाचणारा म्हणेल, उलटी फिरतेय म्हणजे फेज बदलायला हव्यात. चालती मोटर तुम्ही बिघडवलीत. म्हणून ‘उलट’च्या आधी ‘घड्याळाच्या’ हे हवंच.

आणि मी ‘घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने’ का टाळतो? लांबी हे एक कारण, पण दुसरं जास्त महत्त्वाचं. ‘घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने’ आणि ‘घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने’ या दोन्ही वाक्प्रयोगांची सुरुवात एकच आणि शेवटही एकच. फरक फक्त मध्ये दडलेल्या एका शब्दाचा. तेलकट हाताने पान धरून, एका डोळ्याने वाचणाऱ्या माणसाची नजर सुरुवात पकडते, शेवट पकडते आणि मधलं गाळते. ‘घड्याळाच्या दिशेने’ आणि ‘घड्याळाच्या उलट’ यांचे शेवट वेगळे आहेत. काटे गाळले तरी अर्थाला धक्का लागत नाही. शालेय पाठ्यपुस्तकात काट्यांसकट लिहिलेलं योग्य, तिथे मुलाला संकल्पना शिकवायची असते. पानाभर ‘विरुद्ध’ शोधत बसायला फिटरकडे वेळ नसतो.

जिथे माणसाने स्वतः काही फिरवायचंय, तिथे दिशेआधी परिणाम लिहा. ‘आवळा’, ‘सैल करा’, ‘व्हॉल्व्ह बंद करा’. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं आणि घड्याळाची गरजच पडत नाही. अपवाद डाव्या आट्याचा. टेबलफॅनची पाती काढायची असतील तर मधली गोल टोपी घड्याळाच्या दिशेने फिरवून सैल करायची असते. समोरून पाहता पाती त्याच दिशेने फिरतात, म्हणून टोपीचा आटा मुद्दाम डावा ठेवलेला, म्हणजे पंखा सुरू होतानाच्या झटक्याने टोपी आवळली जाते, सुटत नाही. सवयीने हात उलटीकडे जातो, जोर लावला की प्लॅस्टिकचे आटे गेलेच. अॅसिटिलीनच्या सिलिंडरची जोडणीही डाव्या आट्याची, चुकून ऑक्सिजनची नळी लागू नये म्हणून. अशा ठिकाणी मी तिन्ही गोष्टी लिहितो: ‘उलटा आटा आहे. सैल करण्यासाठी घड्याळाच्या दिशेने फिरवा.’ इथे शब्द वाचवायचे नसतात.

चौकटीचं म्हणाल तर तिथे मजकूर घालूच नका. वळलेला बाण काढा आणि खाली जागा असेल तेवढ्यात ‘कपलिंगकडून’ किंवा ‘पंख्याकडून’ असा एकच शब्द लिहा. बाण पंपाच्या कास्टिंगवरच उठवलेला असेल तर सोन्याहून पिवळं. ‘कास्टिंगवरील बाणाप्रमाणे’ असं म्हटलं की उभं राहण्याच्या जागेचा प्रश्नच मिटतो, कारण बाण यंत्राच्या अंगावर आहे, बघणाऱ्याच्या डोक्यात नाही. पुस्तिकेच्या सुरुवातीला, सुरक्षेच्या सूचनांनंतर, दोन्ही बाण त्यांच्या नावांसकट एकदा छापून घ्या.

हे सगळं थोडंफार परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगतो. पुस्तिका शेतकऱ्यासाठी आहे की कारखान्यातल्या प्रशिक्षित फिटरसाठी, त्यावर शब्द बदलतील. फिटरला ‘ड्राइव्ह एंडकडून’ हे ‘चालक टोकाकडून’पेक्षा लवकर कळतं, तिथे मराठीचा आग्रह मी धरत नाही. कंपनीने आधीच्या पुस्तिकांत ‘काट्यांच्या विरुद्ध’ लिहून ठेवलं असेल, तर एका पुस्तिकेपुरता बदल करू नका. दोन पुस्तिकांत दोन शब्द असण्यापेक्षा लांब शब्द परवडला. हिंदी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाणार असेल, तर हिंदीतलं ‘वामावर्त’ पाहून संपादकांना पुन्हा तो मोह होईल. तेव्हा वरचं शंखाचं उदाहरण त्यांना द्या.

पण शब्द कुठलाही निवडलात तरी छपाईला देण्याआधी एक गोष्ट तपासाच. जर्मन मूळ मागवून घ्या आणि दिशेच्या प्रत्येक उल्लेखाशेजारी ‘आन्ट्रीब्सझाइटे’ हा शब्द आहे का बघा. तो असेल तर बघण्याची बाजू दिलेली आहे, म्हणजे यंत्राला जिथून चालना मिळते ती बाजू, आणि इंग्रजीत ती गळली असली तरी तुम्ही ती मराठीत आणा. आणताना मराठीत एक खाच आहे. ‘मोटरकडून पाहता’ आणि ‘मोटरकडे पाहता’ यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण दोन्ही दिशा एकमेकींच्या उलट आहेत. पहिल्यात माणूस मोटरच्या बाजूला उभा राहून पंपाकडे बघतोय, दुसऱ्यात पंपाच्या बाजूला उभा राहून मोटरकडे. मुद्रितशोधकाने सहज एक अक्षर कमी केलं की संपलं. म्हणून मी हे दोन्ही टाळून लांब पण न बिघडणारं वाक्य लिहितो: ‘मोटरच्या मागे उभे राहून पंपाकडे पाहिल्यास शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरला पाहिजे.’ तुमच्या पंपाची दिशा वेगळी असेल तर शेवट तेवढा बदला.